आण्णांची विजयदुर्गची कोळंबी नेमकी कुठली होती?

उत्तरेश्वर_पेठ (८ जून)

नमस्कार मंडळी. प्रश्न कोळंबीचा आहे, पण जरा लांबून सांगावा लागेल.

माझे वडील, आण्णा, एसटीत चालक होते. १९८३ ते १९८९ ही सहा वर्षं त्यांच्याकडं विजयदुर्गची मुक्कामी गाडी होती. दुपारी कोल्हापुरातनं निघायचं, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे करत दिवेलागणीनंतर विजयदुर्ग गाठायचं आणि सकाळी परत फिरायचं. त्या परतीच्या फेरीला ते कोळंबी आणायचे. ॲल्युमिनियमचा कडीचा डबा, तळाला बर्फाचा चुरा, त्यावर केळीचं पान, मग कोळंबी, मग परत बर्फ. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. डबा उघडला की सगळ्या वाड्याला वास जायचा, पण तो घाण वास नव्हता. पाऊस पडल्यावर ओढ्याकाठी येतो तसा काहीतरी.

आण्णा आता ७९ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून जेवणात त्यांचं लक्ष नाही. दोन महिन्यांपूर्वी एकदा आपणहून म्हणाले, "ती विजयदुर्गची कोळंबी मिळती का बघ." तेव्हापासून मी पाच वेळा कोळंबी आणली. पट्ट्यापट्ट्यांची टायगर आणली. पांढरी, अंगठ्याएवढी आणली. सोललेली गोठवलेली आणली. गेल्या रविवारी एका मासेवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "समुद्राची ताजी हाय, सकाळीच घाट चढून आलीया." तीही आणली. आण्णांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "ही नव्हं."

त्यांना खोदून विचारलं तर एवढंच सांगतात: बोटाएवढी असायची, त्याहून मोठी नाही. एका डब्यात सगळी सारख्या आकाराची कधीच नसायची. आणि अंगावर "चटणी भुरभुरल्यागत ठिपकं होतं". खाल्ल्यावर गोड लागायची.

कुणाला सांगता येईल का ही कुठली कोळंबी, आणि आज ती कोल्हापुरात बसून मिळवायची कशी? पैशाचा प्रश्न नाही.

---

बावड्याचा_मासेखाऊ (८ जून)

दादा, पहिली गोष्ट. आज ८ जून. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ट्रॉलर बंदरात उभे आहेत. मग "सकाळी समुद्रातनं आलेली" कोळंबी रविवारी घाट कशी चढली? बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही हे खरं, पण खवळलेल्या समुद्रात किती जण जाणार? ती वेनामी असणार. तळ्यात वाढवलेली.

वेनामी ओळखायला सोपी. अख्ख्या क्रेटमध्ये साच्यातून काढल्यासारखी एकाच मापाची. कवच पातळ, अंग पांढुरकं, पाय पांढरे, मिशा लालसर. ती मुळात आपली नाहीच, मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. २००९ मध्ये सरकारनं आपल्याकडं वाढवायला परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत सगळीकडं तीच झाली. तुमच्या आण्णांनी १९८० च्या दशकात ती खाल्लेली असणं शक्यच नाही.

माझा अंदाज करंदीचा. बोटाएवढी असते, स्वस्त असते, चवीला एक नंबर. पावसाळा संपला की रत्नागिरीहून मागवा.

---

मंगळवारपेठकर (९ जून)

ठिपके म्हणताय तर आपल्या पंचगंगेतले झिंगे तर नव्हेत? आमचे आजोबा पुराच्या पाण्यात टोपलीनं धरायचे. तेही गोड लागायचे.

---

शिरगाव_९८ (९ जून)

मी रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, सध्या नोकरीनिमित्त कोल्हापुरात आहे. विषय जिव्हाळ्याचा निघाला म्हणून लिहितो.

आधी झिंग्यांचं. नदीतले झिंगे वेगळ्या कुळातले. त्यांच्या दुसऱ्या पायाच्या जोडीला लांब नांग्या असतात. आणखी एक खूण, जी मी कुणालाही मासे बाजारात उभं राहून दाखवू शकतो: कोळंबीच्या धडाला पेरं असतात, प्रत्येक पेऱ्याला बाजूनं कवचाची एक चकती. नदीच्या झिंग्यात दुसऱ्या पेऱ्याची चकती पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चकत्यांवर चढलेली दिसते. समुद्राच्या कोळंबीत प्रत्येक चकती फक्त आपल्या मागच्या चकतीवर चढते, घराच्या कौलांसारखी. शिवाय झिंग्याची मादी अंडी पोटाखाली चिकटवून फिरते. समुद्राची कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते. म्हणून कोळंबीच्या पोटाखाली बाहेरून चिकटलेला अंड्यांचा गुच्छ दिसला तर ती या कुळातली नाही, असं बेधडक समजा. विजयदुर्गच्या डब्यात झिंगे असण्याची शक्यता मला वाटत नाही.

आता समुद्राच्या. लोक "कोळंबी" म्हणतात तेव्हा निदान आठ-दहा जातींबद्दल बोलत असतात. टायगर सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या कोळंबीच्या दोन जवळच्या जाती आहेत. त्यातल्या एकीच्या नाकावरचा काटा मुळाशी त्रिकोणी कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उंच असतो. मग करंदी, जिचं नाव वर आलं. तिच्या मादीच्या नाकावरचा काटा लांब आणि टोकाला वर वळलेला. खोल पाण्यातली एक जात कच्चीच तांबडी दिसते, ती ट्रॉलरशिवाय मिळत नाही. आणि सगळ्यात धाकटा जवळा. तो कोळंबीचं पिल्लू आहे असं पुष्कळांना वाटतं, पण नाही. ती स्वतंत्र जात आहे, पूर्ण वाढ झाली तरी दोन-तीन सेंटीमीटर. त्याला पायाच्या शेवटच्या दोन जोड्याच नसतात.

आण्णांच्या "चटणी भुरभुरल्यागत ठिपकं" या वर्णनानं मी थांबलो. मेटापिनीयस मोनोसेरॉस नावाची एक कोळंबी आहे. फिकट राखाडी अंग, त्यावर तपकिरी-तांबूस बारीक ठिपके, मिशा लाल. वेनामीच्या कवचावरही बारीक ठिपके असतात, पण ते जवळून पाहावे लागतात. मोनोसेरॉसचे हातभरावरून दिसतात. मी याच बाजूनं मत देईन. पण विजयदुर्गला ती कुठून आणि कधी विकत घ्यायचे हे कळलं तर नक्की सांगता येईल.

---

खाडीकाठची (९ जून, रात्री)

उत्तरेश्वरच्या भाऊ, मी राजारामपुरीत राहते. लग्न होऊन १९८९ ला कोल्हापुरात आले. माहेर वाघोटणच्या खाडीवर, म्हणजे ज्या खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग किल्ला आहे त्याच खाडीवर. तुमच्या वडिलांची गाडी पडेल कॅंटीनवरून पुढं जायची, तो आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, पण ती गाडी आली की पलीकडचे दिवे लागायचे असं आमची आजी म्हणायची.

शिरगावच्या दादांनी बरोबर लिहिलंय, पण मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आण्णांना विचारून सांगाल का?

ती कोळंबी ते बंदरावर लिलावात घ्यायचे की कुणी बाई टोपली घेऊन गाडीजवळ यायची?

कुठल्या महिन्यात आणलेली चांगली लागायची?

डब्यात तळाशी पाणी साठायचं त्याचा रंग कसा असायचा?

---

उत्तरेश्वर_पेठ (१० जून)

ताई, आज सकाळी चहाच्या वेळी विचारलं. आण्णा इतकं बोलले की मला फोनमध्ये टिपून घ्यावं लागलं. गेल्या वर्षभरात एवढं बोलले नव्हते.

बंदरावर नव्हे. गाडी सकाळी सुटायच्या आधी एक म्हातारी बाई टोपली घेऊन स्टँडवर यायची, कंडक्टर आणि आण्णा मिळून टोपली घ्यायचे. बाईला सगळे "आये" म्हणायचे.

महिना म्हणाल तर आण्णा म्हणाले, "पावसात. रोहिणी संपून मिरग लागला की. घाटात दरड कोसळायची, गाडी तीन-तीन तास अडकायची, तरी डब्यातला बर्फ टिकायचा."

आणि पाणी तांबूस असायचं, गढूळ. धुतल्यावर तळाशी बारीक चिखल बसायचा.

---

खाडीकाठची (१० जून)

मग सांगते. ती समुद्राची नव्हेच. ती खाडीची.

पावसात समुद्र बंद. आज कायद्यानं बंद असतो, पण बंदीचं फर्मान निघायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडं मिरगाला होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या. म्हणजे जूनमध्ये टोपलीत आलेली बोटाएवढी कोळंबी खाडीतली असणार. आणि करंदी नव्हे हेही त्यातच आलं. करंदी आपलं सगळं आयुष्य समुद्रात काढते, खाडीत शिरत नाही. बाकीच्या पुष्कळ जाती अंडी समुद्रात घालतात, पण पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात. तिथं खाजणात, कांदळवनाच्या मुळांमध्ये, चिखलात काही महिने वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्राकडं निघतात. ही परत निघायची वेळ कुठली, तर पहिल्या पावसाची. डोंगरावरून तांबडं पाणी उतरतं, खाडी गोडी व्हायला लागते, आणि कोळंबीला कळतं की आता इथं राहून चालायचं नाही.

माझे वडील तेव्हा पडवीत बसून खाडीच्या पाण्याकडं बघत राहायचे. एक दिवस म्हणायचे, "पाणी तांबडा झाला. आता सुंगटां भायर पडतली." सुंगटं म्हणजे कोळंबी. त्या रात्री घरात कुणी झोपायचं नाही.

सुंगटं दिवसा चिखलात पुरून घेतात, रात्री वर येतात. म्हणून पाग रात्री. पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. फेकताना एक कड दातात धरायची, एक कोपरावर घ्यायची आणि अंगाला गिरकी देऊन सोडायची. पाण्यावर ताटासारखी गोल उघडली पाहिजे. नाहीतर लांबट पडते आणि हाताला काही लागत नाही. मी कंदील धरायचे. उजेड पाण्यावर टाकला की सुंगटांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, शेकड्यांनी. मला ते अजून स्वप्नात दिसतं. वडिलांचं लक्ष ओहोटीवर असायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओढ असते, पाणी जोरात उतरतं आणि सुंगटं त्याबरोबर वाहत येतात. अष्टमीच्या बाजूला भांग असतो, पाणी मंद, तेव्हा पाग टाकून फार काही मिळत नाही.

पहाटे आई टोपलीत चाळून वेगळं करायची. फार बारीक असलेली परत पाण्यात. टोपलीत चार जातींची सुंगटं असायची, त्यात एखादा काळुंदर, एखादी कुर्ली. म्हणून आण्णांना सारख्या मापाची कधी मिळाली नाही. टोपलीत सगळी एका मापाची दिसली तर ती तळ्यातली, हे बावड्याच्या दादांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे.

गोडीचं कारण विचाराल तर माझी आजी म्हणायची, जिथं नदी समुद्राला भेटते तिथलं काहीही गोड. मी यापलीकडं सांगू शकत नाही. पण त्याच दिवशी धरलेली आणि त्याच दिवशी शिजवलेली, ही अर्धी गोडी तर तिथंच आहे.

आणि "आये"बद्दल. तिचं नाव इथं लिहीत नाही. पण स्टँडवर टोपली घेऊन जाणारी म्हातारी मला आठवते. आमच्या वाडीतलीच होती. पागेला मुलगा जायचा. आण्णांना सांगा, ती वयाच्या नव्वदीच्या पुढं जगली.

---

बावड्याचा_मासेखाऊ (१० जून)

ताई, माझा करंदीचा अंदाज मागे घेतो. महिना विचारायचं मला सुचलंच नाही.

---

अलिबागकर_कोल्हापुरात (११ जून)

खाडीकाठच्या ताईंनी लिहिलेलं वाचून माझंही बालपण आठवलं. पण उत्तरेकडं आमचं जग वेगळं. आमच्याकडं डोल. खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं, तोंड प्रवाहाकडं. भरती-ओहोटी जे आणून भरेल ते घ्यायचं. त्यात बोंबील, जवळा आणि अंबाड. अंबाड म्हणजे फिकट, नाजूक, लांब काट्याची. शिरगावच्या दादांनी जी पोटाखाली अंडी चिकटवणारी कुळं सांगितली, त्यातलीच ही एक, पण समुद्रात राहते. मादीच्या पोटाखालचे अंड्यांचे गुच्छ मी लहानपणी काढून खेळलोय. तेव्हा वाटायचं सगळ्याच कोळंब्या अशा.

बोंबील मुख्यतः जवळ्यावर जगतो. म्हणून आमचे म्हातारे म्हणत, जवळा आला की मागोमाग बोंबील येणार.

कोल्हापुरात सुका जवळा विकत घेताना एकच बघा, मुठीत घेऊन सोडल्यावर हाताला वाळू लागते का. वाळूवर वाळवलेला असला तर कितीही धुतला तरी दातांखाली करकर जात नाही.

---

शिरगाव_९८ (११ जून)

ताई, तुम्ही तीन प्रश्नांत जे काढलंत ते मला प्रयोगशाळेत बसून जमलं नसतं. शास्त्र तेच सांगतं. मोनोसेरॉसची पिल्लं खाडीत वाढतात, मोठी समुद्रात पन्नास-साठ मीटर खोल पाण्यात मिळतात. तेव्हा हीच कोळंबी हिवाळ्यात ट्रॉलरवरही येते, पण आकारानं मोठी. आण्णांना ती दिली तर ते बहुधा पुन्हा "ही नव्हं" म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

आणायला जाणार असाल तर बर्फाचं नीट ऐका. आण्णांची पद्धत जवळजवळ बरोबर होती. फक्त वितळलेल्या पाण्यात कोळंबी बुडून राहता कामा नये, चव धुऊन जाते. थर्माकोलच्या खोक्याला खाली एक भोक पाडा. एक थर बर्फ, एक पातळ थर कोळंबी, पुन्हा बर्फ. वजनाला जेवढी कोळंबी जवळजवळ तेवढाच बर्फ. पाच तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर डोकी काढून टाका. डोक्यात पचनाचा रस असतो, तो उतरला की मांस मऊ पडतं.

डोकी काळी पडली म्हणजे कोळंबी नासली असं नाही, हेही लक्षात ठेवा. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच ते आहे. मात्र बर्फ वेळेवर मिळाला नाही एवढं त्यावरून कळतं. उलट तीन दिवसांची कोळंबी पांढरीफेक दिसत असेल तर मला जास्त शंका येते. काळेपणा येऊ नये म्हणून व्यापारी ती मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी अशी कोळंबी टाळावी.

जाता जाता एक, कारण लोक मला नेहमी विचारतात की समुद्राची चांगली कोळंबी जाते कुठं. परदेशात जाते. पण अमेरिका २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही, तळ्यातली घेते. आपल्या ट्रॉलच्या जाळ्यात अडकलेल्या कासवांना बाहेर पडायला वाट नसते म्हणून. जाळ्याला तशी झडप बसवायला फार खर्च नाही. ही गोष्ट मला मनापासून लागते.

---

उत्तरेश्वर_पेठ (१२ जून)

ताई, "आये"चं आण्णांना सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिचं आठ आणं देणं राहिलं हुतं." खरंच राहिलं होतं की काय, मला माहीत नाही.

तुमच्या माहेरी अजून कुणी पाग टाकतं का? टाकत असतील तर आम्ही दोघं येऊ.

---

खाडीकाठची (१२ जून)

माझा भाचा टाकतो. सगळ्या रात्री नाही, आता खाडीत पूर्वीएवढं मिळत नाही. काही ठिकाणी खाजणाची तळी झाली, कांदळवन तुटलं, गाळ भरला. पण अमावस्येनंतरच्या दोन-तीन रात्री तो जातो. २५ तारखेच्या पुढं या. निरोप देऊन ठेवते. पैसे घेणार नाही म्हणेल, तुम्ही द्या.

घरी राहायची सोय आहे. संकोच करू नका.

---

उत्तरेश्वर_पेठ (२९ जून)

जाऊन आलो. सगळं लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात हात आहे.

शुक्रवारी एसटीनं निघालो. माझी गाडी आहे, पण आण्णांनी एसटीचाच हट्ट धरला. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तरी त्यांनी कंडक्टरसमोर आधार कार्ड असं काढलं जसं पूर्वी लायसन काढून दाखवायचे. गगनबावड्याच्या पुढं धुकं होतं. करूळ घाटात प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. मी बघत होतो.

रात्री अकराला ताईंचा भाचा पाग खांद्यावर टाकून निघाला. पाऊस थांबला होता. आण्णांना चिखलात नेणं शक्य नव्हतं, त्यांना काठावरच्या दगडावर बसवलं. बॅटरीच्या उजेडात ते डोळे मी पाहिले. ताई, तुम्ही निखारे लिहिलंय. मला ते आमच्याकडं म्हसोबाच्या यात्रेत लांबून दिसणाऱ्या दिवट्यांसारखे वाटले. पहिल्या फेकीत चार आली, दुसरीत काहीच नाही. पाणी उतरायला लागल्यावर मात्र प्रत्येक फेकीत मूठ-दोन मुठी. पहाटेपर्यंत साडेतीन किलो झाली.

टोपली आण्णांसमोर ठेवली. त्यांनी हात घालून चाळली, अगदी आई तांदूळ निवडायची तशी. पांढऱ्या बाजूला केल्या. एक टायगरचं पिल्लू निघालं ते बाजूला. मग एक उचलून डोळ्यांजवळ धरली आणि मला दाखवली. राखाडी अंगावर तांबूस तपकिरी ठिपके, जणू कुणी खरंच कांदा-लसूण चटणी चिमटीनं भुरभुरली होती. लाल मिशा. "ही बघ," एवढंच म्हणाले.

तशी निवडून सव्वा किलो भरली. भाच्यानं पैसे घेतले नाहीत. आण्णांनी त्याच्या मुलीच्या हातात नोट ठेवली आणि वर आठ आण्यांचं नाणं. ते नाणं त्यांनी घरातनं शोधून आणलं होतं.

शिरगावच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे खोक्याला भोक पाडून बर्फ भरला. परतीला घाटात दरडीमुळं एक तास गेला, तरी घरी पोचल्यावर कोळंबी कडक होती, डोकी काळी नव्हती. धुतली तेव्हा तळाशी तसाच चिखल बसला. तो वासही आला. चाळीस वर्षांनी.

बायकोनं आमच्या पद्धतीनं सुक्कं केलं, सुकं खोबरं, तीळ आणि चटणी घालून. आण्णा जेवले, भाकरी दुसऱ्यांदा मागितली. पण जेवण झाल्यावर म्हणाले, मुक्कामाला खानावळीतली बाई पातळ करायची, त्यात ओलं खोबरं आणि काहीतरी आंबट असायचं, ते जास्त चांगलं. आता अर्धा किलो फ्रीजमध्ये ठेवली आहे, उद्या तसं करायचं आहे.

ताई, कसं करायचं? आंबट म्हणजे चिंच की आमसूल? आणि तिरफळ घालायचं का? दुकानदार म्हणाला कोकणी कालवणात घालतातच.

---

खाडीकाठची (२९ जून, रात्री)

आठ आण्यांचं वाचून मी भाच्याला फोन केला. ते नाणं त्यानं देवघरात ठेवलंय.

तिरफळ बांगड्याला. सुंगटांना अजिबात नको, त्यांचा वास मारून टाकेल.

चार आमसुलं. ओलं खोबरं अर्धी वाटी, धणे चमचाभर, सुक्या मिरच्या सहा-सात, हळद, एक छोटा कांदा, हे सगळं गंधासारखं वाटायचं. तेलावर कांदा मऊ झाला की वाटण, पाणी, मीठ घालून चांगली उकळी आणायची. कच्चेपणा गेल्यावर आमसुलं. सुंगटं सगळ्यात शेवटी, आणि घड्याळ लावून चार मिनिटं. रंग गुलाबी झाला, अंग वाकलं की आच बंद. पूर्ण गोल वळली म्हणजे जास्त शिजली. तुमची चटणी उद्या एक दिवस डब्यात राहू दे.

डोकी काढली असतील तर टाकू नका. वेगळी उकळून, ठेचून, गाळून ते पाणी रश्शात घाला. खानावळीतली बाई तेच करत असणार.

भाकरी नको, भात करा. उकड्या तांदळाचा मिळाला तर उत्तम. आणि फ्रीजमधली उद्या दुपारपर्यंतच.